चोळण्याआधी दुखण्याला नाव द्या

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोव्यातल्या साखळी गावातल्या माझ्या दवाखान्यात बसायला जागा उरत नाही. कुणी गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधायला शिडीवर दोन तास हात वर धरून उभा होता, कुणी तीन दिवस जमिनीवर बसून नेवऱ्या केल्या, कुणी रात्री बारापर्यंत घरोघरी आरत्यांना घुमट वाजवत फिरला. आत आल्यावर सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "मॅडम, आंग दुखता." आणि बहुतेकांच्या अंगाला बामाचा वास येत असतो, म्हणजे चोळून झालेलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं हेच काम करते. चोळण्याशी माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी कारण शोधा, मग हात लावा. त्याच चोळण्याने एकाला आराम पडतो, दुसऱ्याचा फाटलेला स्नायू आणखी फाटतो आणि तिसऱ्याचा डेंग्यू दोन दिवस उशिरा सापडतो.

कारण शोधायची पहिली पायरी घरबसल्या होते. "दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा : अंग आंबलं, पायाला रग लागली, गोळा आला किंवा वांब आला, उसण भरली, मान अवघडली, अंग मोडून आलं, ठणका लागला. माझी आजी यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कधी वापरायची नाही. शिकून आल्यावर माझ्या लक्षात आलं, की यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे वेगळं कारण आहे. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी नेमका शब्द शोधायला लावते. मग विचारते : गेल्या तीन दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय केलंत? एका जागी दुखतं, की दोन्ही बाजूंना सारखं? हलवल्यावर दुखतं, की पडून असतानाही? ताप आहे का? गेल्या काही महिन्यांत कुठली नवी गोळी सुरू झाली?

अंग आंबलं

सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात निरुपद्रवी दुखणं हे. सवय नसलेलं काम केलं, त्या दिवशी काही वाटलं नाही, दुसऱ्या सकाळी मांड्या जाणवायला लागल्या आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. साधारण १२ ते २४ तासांनी सुरुवात होते, २४ ते ७२ तासांत जोर असतो आणि पाच-सात दिवसांत आपोआप निवतं. दाबलं, ताणलं की दुखतं. गप्प बसलं की फारसं नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्नायू आखडत भार उचलतो तेव्हा त्याची जेवढी झीज होते, त्याहून जास्त झीज तो भार तोलत तोलत लांब होताना होते. चंद्रेश्वराचा डोंगर चढताना दम लागतो, पण दोन दिवसांनी मांड्या आंबतात त्या उतरल्यामुळे. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू अख्ख्या अंगाचं वजन तोलत हळूहळू लांब होत असतो. भाताच्या लावणीला वाकताना, काजूच्या बागेत दिवसभर खाली वाकून बोंडं गोळा करताना हेच काम पाठीचे आणि मांडीच्या मागचे स्नायू करतात. त्यांच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक इजा होतात, शरीर दुरुस्तीला लागतं, थोडी सूज येते आणि तिथल्या नसांची टोकं हळवी होतात. दुरुस्ती सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून दुखणंही उशिरा येतं.

जिममधली मुलं मला सांगतात, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, मसाज करून काढा." व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जातं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडू नका.

इथे उपाय म्हणजे हालचाल. झोपून राहिलात तर आणखी आखडाल. पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्यावर सावकाश चाला, कोमट पाण्याने आंघोळ करा, खोबरेल लावायचं तर हलक्या हाताने लावा. अंगठ्याने रगडून घेऊ नका, आधीच इजा झालेल्या तंतूंना त्याने काही मिळत नाही. आणि पुढच्या वेळची तयारी आत्तापासून करा. स्नायूला एकदा झेपलेलं काम काही आठवड्यांत पुन्हा करावं लागलं, तर तो खूप कमी आंबतो. म्हणून आमच्या भागातल्या रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) मिरवणुकीत, नाचणाऱ्या मुलांना मी सणाच्या तीन आठवडे आधी उठाबशा सुरू करायला लावते. पहिल्या दिवशी दहा, मग एक दिवस सोडून चार-चार वाढवत. ज्यांनी ऐकलं ते दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीतही नाचतात.

मात्र अति केलं तर हेच दुखणं धोक्याचं होतं. वर्षभर व्यायाम नाही आणि पहिल्याच दिवशी ईर्षेने दोनशे उठाबशा. मग मांड्या दगडासारख्या कडक, प्रचंड सूज आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरलेलं असतं आणि ते मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. लघवीचा असा रंग दिसला तर त्याच तासाला इस्पितळ गाठा.

गोळा किंवा वांब

पहाटे तीनला पोटरीत गोळा येतो आणि माणूस ओरडत उठतो. तेव्हा काय करायचं ते पाठ करून ठेवा : गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटं स्वतःच्या छातीकडे ओढा. अर्धा मिनिट तसंच धरा. बहुतेक जण घाबरून उलट करतात, पाऊल पुढे ताणतात. त्याने गोळा आणखी घट्ट होतो.

वाढतं वय, गरोदरपण, दिवसभर उभं राहून काम, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, यांनी रात्रीचे गोळे वाढतात. एप्रिल-मेमध्ये काजूच्या भट्टीवर राबणारे लोक माझ्याकडे पायात गोळे येतात अशी तक्रार घेऊन येतात. धगीपुढे घामाच्या धारा लागतात आणि ते वर फक्त पाणी पीत राहतात. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. आपली सकाळी दहाची पेज, चिमूटभर मीठ आणि लोणच्याची फोड, याच्यासारखा उपाय मला माहीत नाही. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

झोपण्याआधी भिंतीला हात टेकून एक पाय मागे ठेवा, टाच जमिनीवर, गुडघा ताठ, पोटरीला ताण बसेल इतकं पुढे झुका. अर्धा मिनिट, दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. हे करूनही आठवड्यातून तीन-चार रात्री गोळे येत असतील, तर रक्तातली साखर, पोटॅशियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचं काम तपासून घ्या.

उसण भरली, लचक आली

याची खूण म्हणजे तो क्षण आठवतो. "सिलिंडर उचलला आणि इथे कळ आली," असं माणूस बोट ठेवून सांगतो. आंबलेल्या अंगाला असा क्षण नसतो.

पहिले ४८ तास शेक नाही, चोळणं नाही, दारू नाही. या तिन्हींनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. कापडात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवा, दोन-तीन तासांनी पुन्हा. हाता-पायाला असेल तर पट्टी गुंडाळा आणि उशीवर उंच ठेवा. नंतर हळूहळू हालचाल वाढवा. कंबरेत उसण भरली असेल तर एखाद-दुसऱ्या दिवसापेक्षा जास्त अंथरुणात राहू नका. घरातल्या घरात फिरणाऱ्याची कंबर लवकर मोकळी होते.

एक प्रसंग सांगते. गावच्या मैदानावर फुटबॉल खेळताना एका मुलाला वाटलं, मागून कुणीतरी पायावर काठी मारली. वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं. आईने दोन दिवस गरम तेलाने पोटरी चोळली. माझ्याकडे आला तेव्हा घोट्यापर्यंत काळं-निळं झालं होतं. त्या एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं, त्याला येईना. टाचेची मोठी शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी, तुटली होती. काठी मारल्यासारखं वाटणं आणि चवड्यावर उभं न राहता येणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

अवघडलं

एका स्थितीत फार वेळ ताठ राहिलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा आवळतो आणि तक्रार करतो. घुमट वाजवणाऱ्याचा खांदा, नेवऱ्या करणारीची कंबर, स्कूटरवरून रोज पणजीला जाणाऱ्या मुलीची मान, मोबाइलवर वाकलेलं प्रत्येक डोकं. इथे शेक, चोळणं दोन्ही चालतं, पण खरा उपाय बदलाचा आहे. दर अर्ध्या तासाने उठा, खांदे मागे फिरवा, पाणी पिऊन या. मानेतून निघालेली कळ बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असेल, तर दुखणं स्नायूचं नाही, नस दाबली गेली आहे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेचंही तेच.

ताप आणि अंग मोडून येणं

गोव्यात राहणाऱ्याने हा भाग लक्ष देऊन वाचावा, कारण इथे स्नायू केवळ निरोप देत असतो, आजार दुसराच असतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, पाठ आणि पाय तुटल्यासारखे दुखणं म्हणजे डेंग्यूचा संशय घ्यायचा. अंग दुखतंय म्हणून घरातल्या डब्यातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि या गोळ्या तो वाढवतात. पॅरासिटामॉल चालते, तीही ठरलेल्या प्रमाणात. ताप उतरला म्हणजे संपलं, असंही समजू नका. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडणं, हे धोके बहुधा ताप उतरतानाच समोर येतात.

शेतात, चिखलात, गटाराच्या कामात उतरलेल्या माणसाला पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटरीला नुसतं बोट लावलं तरी कळवळला, तर तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. उंदरांच्या मुतातले जंतू साठलेल्या पाण्यात असतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतून आत शिरतात. पोटऱ्यांचं हे हळवेपण इतकं खास असतं, की पावसाळ्यात माझ्याकडे पोटऱ्या धरून कुणी आला तर मी आधी कपाळाला हात लावून ताप बघते आणि मग विचारते, "शेतात उतरला होतात का?" सुरुवातीला प्रतिजैविकं मिळाली तर हा आजार आटोक्यात येतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडं जातात. लावणीच्या दिवसांत गमबूट घाला, पायावरची जखम झाका आणि प्रतिबंधक गोळ्यांचं आरोग्य केंद्रात विचारा.

तिसरा आजार आमच्या सत्तरी तालुक्याचा. माकडताप म्हणतात त्याला. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूला, क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीत, पाली गावापासून, त्याचे रुग्ण सापडू लागले. गोचीड चावल्याने तो होतो आणि त्याचा हंगाम नेमका काजूचा हंगाम असतो. एकाएकी चढलेला ताप, भयंकर डोकेदुखी आणि स्नायूंत असं दुखणं, की कूस बदलवत नाही. काजू गोळा करणाऱ्या बायका माझ्याकडे "वाकून वाकून कंबर गेली" म्हणत येतात आणि बहुतेकींची कंबर खरंच वाकूनच गेलेली असते. पण एखादीला त्यासोबत ताप असतो. तिला मी मशीनही लावत नाही, सरळ वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवते. बागेत जाताना पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे, गोचीड दूर ठेवणारं तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडेही उकळत्या पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवा.

दोन्ही बाजूंना, आतून, आठवडेच्या आठवडे

काम वाढलेलं नाही, ताप नाही, आणि तरी मांड्या, खांदे महिनोन्‌महिने दुखतात. इथे चोळण्यावर पैसे घालवू नका, रक्त तपासा.

आधी ड जीवनसत्त्व. गोव्यात एवढं ऊन असताना ते कसं कमी पडेल, असं लोक मला विचारतात. घरात, कचेरीत, कुंडईच्या कारखान्यात दिवस काढणाऱ्याच्या कातडीवर ऊन पडतं तरी किती? घरच्या घरी एक खूण बघा. जमिनीवरून किंवा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का? मांड्यांवर हात ठेवून चढत चढत उठावं लागत असेल, तर कंबर-मांडीचे स्नायू दुबळे झालेत. मग थायरॉइड. तो मंदावला की अंग जड, थंडी सोसत नाही, वजन वाढतं आणि स्नायू दुखतात. या दोन्ही तपासण्या साध्या आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही लक्षात ठेवा. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन अशी नावं पाकिटावर असतील आणि गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखे दुखू लागले असतील, तर डॉक्टरांना सांगा. ते सीपीके नावाची रक्ततपासणी करतील, मात्रा किंवा गोळी बदलतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, ती हृदयासाठी दिलेली असते.

पन्नाशी उलटल्यावर सकाळी दोन्ही खांदे आणि खुबे इतके आखडतात की केस विंचरता येत नाहीत, आणि दुपारनंतर बरं वाटतं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांहून जास्त सगळं अंग दुखतं, झोप लागूनही थकवा जात नाही, तपासण्या मात्र सगळ्या नीट, अशा बायकांना घरचे "नाटक" म्हणतात. ते नाटक नसतं. त्याला फायब्रोमायल्जिया असं नाव आहे आणि झोप सुधारून, रोज थोडा व्यायाम वाढवून ते कमी करता येतं.

चाललं की पोटरी धरते

हे माझ्या वडिलांचं आहे. पस्तीस वर्षं विडी ओढलेला, मधुमेह असलेला माणूस. घरून बाजाराला निघाले की एका ठरावीक साकवापाशी त्यांची उजवी पोटरी धरायची. दोन मिनिटं कठड्याला टेकून उभे राहिले की सुटायची. परत तेवढंच अंतर चालले की परत धरायची. मी त्यांना चार महिने पोटरीचे ताण शिकवले, शेक दिला, तेल लावलं. मुलगी फिजिओ, म्हणून ते दुसऱ्या कुणाकडे गेले नाहीत.

मग अंगठ्यावरची एक जखम भरेना. तेव्हा दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून पाहिला. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या किमान नऊ-दशांश तरी असावा लागतो, त्यांचा निम्मा होता. पायाची रक्तवाहिनी बुजत आली होती. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, ते पोचत नव्हतं, म्हणून पोटरी ओरडत होती. "तेवढंच अंतर" हा शब्द त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि मी तो ऐकला नाही. म्हणून आता मी प्रत्येकाला विचारते : किती चालल्यावर? रोज तेवढ्यावरच? नुसतं उभं राहून थांबतं, की बसावं लागतं? उभं राहून थांबलं तर रक्तवाहिनीचा संशय, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच थांबलं तर कंबरेतल्या नसेचा. विडी सुटली, औषधं सुरू झाली आणि उपचार म्हणून त्यांना चालायलाच सांगितलं : दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, आठवड्यातून निदान तीन वेळा, अर्धा-पाऊण तास. सहा महिन्यांनी ते न थांबता बाजारात पोचले.

वाट पाहू नका

एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती अजिबात चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटली तर फुप्फुसात जाते. डावा खांदा, दंड, जबडा दुखतो आणि सोबत घाम फुटतो, छातीवर दडपण येतं, श्वास अपुरा पडतो, तर बाम शोधू नका, १०८ लावा. फ्रॅक्चरनंतर प्लास्टरच्या आत असह्य, वाढत जाणारा ठणका, बोटं बधिर, हेही त्याच रात्री दाखवायचं. ताप आणि मान ताठ, अचानक एखादा हात किंवा पाय लुळा पडणं, कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काहीही सकाळपर्यंत थांबवू नका.

बाकीच्या दुखण्यांसाठी डॉक्टरकडे जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या : दुखण्याचा तुमचा नेमका शब्द, सुरुवात कोणत्या दिवशी झाली, त्याआधीच्या तीन दिवसांत काय केलं, आणि कशाने वाढतं, कशाने थांबतं. आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, शेजारणीने दिलेलीसुद्धा.